वाचून घेतला, म्हणून उशीर झाला

दैनंदिन मालिका एकटा माणूस लिहीत नाही, हे प्रेक्षकांना सहसा ठाऊक नसते. श्रेयनामावलीत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात, आणि त्यांतले शेवटचे, वाचून होण्याआधीच निघून जाणारे नाव माझ्यासारखीचे असते. मी लातूरला राहून मुंबईत चित्रित होणाऱ्या मालिकांचे संवाद लिहिते. त्या भागात काय घडणार याची वाहिनीने मान्य केलेली ‘वनलाइन’ आधी येते, तिच्यावरून पटकथाकार प्रसंग मांडतो, आणि अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता उरणाऱ्या सुमारे 22 मिनिटांत कोणी काय बोलायचे ते मी भरते. सेटवर बहुधा उद्याच त्याचे चित्रीकरण असते, त्यामुळे विचार करायला सवड फार थोडी मिळते.

या सवडीअभावी काही गोष्टी ठरूनच गेल्या आहेत. आमच्याकडे बायकांचे दोन साचे असतात, ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’. मधली कोणी आलीच तर तिला ‘ग्रे’ म्हणतात आणि महिन्याभरात कुठल्यातरी एका बाजूला ढकलतात. पॉझिटिव्ह बाई सहन करते आणि आपण सहन करीत आहोत हे देवघरासमोर उभी राहून पूर्ण वाक्यांत सांगते. निगेटिव्ह बाई कपाटाच्या किल्ल्या सांभाळते, हिशेब विचारते, कागद उलटून बघते. प्रश्न विचारणे हेच मुळी आमच्याकडे दुष्टपणाचे लक्षण आहे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. भाषेचीही वाटणी ठरलेली असते : नायिका लातूरची असो की परभणीची, ती शुद्ध प्रमाण मराठीत रडते, आणि आमची बोली मोलकरणीच्या किंवा हसवायला आणलेल्या मामीच्या वाट्याला येते.

2024 मध्ये ज्या मालिकेचे मी संवाद लिहीत होते, तिच्यात जमिनीच्या हक्कसोडपत्राचा, म्हणजे बहिणीने आपला वाटा भावाला लिहून देण्याचा, ट्रॅक आला. नायिकेचे माहेर लातूर जिल्ह्यातले, वडील वारलेले, भाऊ कर्जात. वनलाइन अशी होती : नायिका अश्रू पुसत सही करते, भाऊ तिच्या पाया पडतो, भावजय मनातल्या मनात हसते. पटकथेत एक वकील होता आणि तो म्हणत होता की वडील 2005 च्या आधी गेले, तेव्हा मुलीला तसाही हक्क नाही. हे वाक्य मी जाऊ दिले नाही. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मर्यादित स्वरूपात वाटा 1994 मध्येच दिला, 2005 मध्ये केंद्राच्या हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन तो अधिक व्यापक झाला, आणि त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. लाखो घरांत ऐकल्या जाणाऱ्या मालिकेने चुकीचा कायदा सांगावा हे मला पटण्यासारखे नव्हते, आणि वकिलाचे वाक्य तेवढे बदलून मिळाले. मात्र सही करताना बाई नेमकी काय बोलते, हे मलाही पाहायचे होते. एका तालुक्याच्या गावी, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारात, नात्यातले एक काका दस्तलेखक म्हणून बसतात. त्यांनी बोलावले तेव्हा मी दिवसभरासाठी गेले.

सोयाबीनचा हंगाम नुकताच संपला होता. कार्यालयाबाहेरच्या बाकावर एका घरची माणसे बसली होती : भाऊ, त्याची बायको, आणि दोन बहिणी, ज्यांतल्या थोरलीला सगळे अक्का म्हणत होते. धाकटी चाळिशीच्या आतबाहेरची असावी. वडील वारल्यावर वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर बहिणींची नावे लागली, की पीककर्जापासून जमीन गहाण टाकण्यापर्यंत प्रत्येक कामाला त्यांची संमती लागते. म्हणून भाऊ हक्कसोड करून घेतात आणि बहिणी साडीचोळीवर करून देतात. हे इतके सर्रास चालते की, काकांकडे त्याचा मजकूर संगणकात तयारच असतो, फक्त नावे आणि जमिनीच्या तुकड्यांचे गट क्रमांक बदलायचे.

काकांनी माझी ओळख ‘ह्या टीव्हीचं लिहितात’ अशी करून दिली, त्यामुळे मी पाहुणी न राहता आरोपी झाले. अमकीचा नवरा परत येणार का, तमकीला विष कोणी दिले, असे सगळे मला विचारून झाले. अक्कांना मी विचारले की, तुम्ही रोज बघता का? त्या म्हणाल्या, “बगतो कुटं बाई, ऐकतो निसतं. तव्यावर भाकर आसती तवा.”

आमच्या संवादांचे निम्मे रहस्य या उत्तरात आहे. ‘म्हणजे तू माझ्या सासूबाईंनी मला दिलेल्या मंगळसूत्राबद्दल बोलतेस?’ असली वाक्ये आम्ही लिहितो आणि सुशिक्षित मंडळी त्यांना हसतात. परंतु पाठ पडद्याकडे असलेल्या बाईला कोण, कोणाशी, कशाबद्दल बोलते आहे हे कानांवरूनच कळावे लागते. त्यामुळे मालिकेतली बाई आपले मन गिळू शकत नाही. तिला ते शब्दांत सांडावेच लागते, कारण तिचा चेहरा बघायला समोर कोणी बसलेले असेलच याचा भरवसा नसतो.

नंबर यायला वेळ होता, म्हणून मी बायकांच्या शेजारी बसून राहिले. त्या बोलत होत्या ते सोयाबीनबद्दल. सरकारने 2024-25 च्या हंगामासाठी जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, आणि आडतीवर त्याच्या किती खाली मागणी होते आहे. खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून कोणाचा माल परत पाठवला. बोअरला पाणी किती फुटांवर लागले. अक्कांच्या नातवाचे नीटचे क्लास आणि लातूरच्या खोलीचे भाडे. भावजयीची थायरॉइडची गोळी, जी उपाशीपोटी घ्यायची की चहानंतर यावर बराच वेळ वाद झाला. चित्रपटांतल्या स्त्रियांबद्दल एक चाचणी प्रसिद्ध आहे, एलिसन बेक्डेल या अमेरिकी व्यंगचित्रकर्तीच्या 1985 मधल्या एका चित्रपट्टीवरून आलेली : निदान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलाव्यात. पहिल्या दोन अटींत मराठी मालिका जगात कोणाला हार जाणार नाहीत. आमच्याकडे बायका दिवसभर एकमेकींशीच बोलत असतात. तिसऱ्या अटीवर मात्र आम्ही अडतो. बाकावरच्या या तिघी तासभर बोलल्या आणि त्यात नवरे आले ते केवळ ‘त्यांना पिशवी घेऊन पाठवलंय’ एवढ्यापुरते.

काकांनी छापील मसुदा आणला आणि कुठे सह्या करायच्या ते पेन्सिलीने खुणा करून दाखवले. अक्कांनी पदराला हात पुसून सही केली. धाकटीने कागद घेतला, थोडा वेळ त्या दाट मजकुराकडे पाहिले आणि काकांकडे परत दिला.

“वाचा बरं सगळं. मला ऐकू द्या.”

काका वाचू लागले. लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा. दुसरा गट क्रमांक आला तेव्हा ती म्हणाली, “थांबा. इहिरीचा गट कामून घातलाय ह्यात?”

भाऊ म्हणाला, “बाई, दोन्ही एकदाच करून टाकायचं ठरलंय ना.”

“माळाचा लिव्हा. इहिरीचा ऱ्हाऊ द्या.”

“आसं ठरलं नव्हतं.”

“नव्हतं ठरलं, खरंय दादा. आता ठरवू.”

आवाज चढला नाही. भावाने अक्कांकडे पाहिले, अक्कांनी कार्यालयाच्या पत्र्याकडे. मग धाकटीच पुन्हा बोलली, आणि बोलताना ती पिशवीतल्या डब्याचे झाकण बसवत होती : “मी काय नांगर धरायला येणार न्हाई. पिकू दे, खाऊ दे तुला. पर नाव ऱ्हाऊ दे. उताऱ्यावर नाव आसलं की दिवाळीला न्यायला यायची आठवण ऱ्हाती.”

भाऊ हसला, असे मला वाटते. निदान त्याने नाही म्हटले नाही. इथे भावजयीने काय करावे, याबद्दल मालिकेत दुमत झाले नसते. प्रत्यक्षात ती म्हणाली, “आता झेराक्सचे परत पैसे. आन् म्हशीची धार कोण काढणार?” एवढे बोलून तिने डबा उघडला, नणंदेच्या हातावर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली आणि नवऱ्याला चहा आणायला पिटाळले. ती रागावलेली होती आणि तिने जेवायलाही वाढले. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

मसुदा नव्याने करायचा म्हणजे ऑनलाइन माहितीही पुन्हा भरायची. नंबर गेला, दुपार झाली. आत गेल्यावर छायाचित्रे झाली, साक्षीदारांनी ओळख पटवली, आणि धाकटीचा अंगठा यंत्र घेईना. सोयाबीन काढणीने बोटांना चिरा पडल्या होत्या. संगणकावरच्या मुलाने अंगठा पुसायला सांगितले, मग जोरात दाबायला, मग थोडा तिरका धरायला, शेवटी दुसरे बोट ठेवायला. प्रत्येक वेळी पडद्यावर राखाडी डाग उमटे आणि पुसला जाई. अखेरीस एकदा रेघा उमटल्या. अधिकाऱ्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, दस्त वाचला का, मान्य आहे का.

“वाचून घेतला सायेब. म्हणून तर उशीर झाला.”

मी त्याच रात्री प्रसंग लिहिला. नायिका मसुदा वाचून मागते, विहिरीचा गट वगळायला सांगते, दिवाळीचे वाक्य बोलते. भावजय झेरॉक्सवरून कुरकुरते आणि जेवायला वाढते. अश्रू नव्हते. दुसऱ्या दिवशी वाहिनीच्या क्रिएटिव्ह बाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या हुशार आहेत, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान आहेत, आणि दर गुरुवारी येणारे रेटिंगचे आकडे त्यांना वरच्यांपुढे समजावून सांगावे लागतात, हे मी कधी विसरत नाही.

“मॅडम, सीन भारी आहे,” त्या म्हणाल्या, “पण हिरॉइन असं बोलली तर ती लालची वाटेल.”

मी म्हटले की, तिने अर्धी जमीन सोडली आहे.

“पण राहिलेली मागितली ना. आणि ती रडत नाहीये. मग तिला दुखलंय हे कळणार कसं?”

दिवाळीच्या वाक्यातून ते कळत नाही का, असे मी विचारले. त्यांनी ते वाक्य मला वाचून दाखवले आणि त्यांनाही हसू आले. तेच त्यांना अडचणीचे वाटले, कारण प्रेक्षक हसला तर पुढच्या पाया पडण्याच्या क्षणाला उठाव येणार नाही. त्यावर आमचे बराच वेळ बोलणे झाले. त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. नायिकेला तीनशे भागांपासून सोशिक दाखवली आहे, ती एका दुपारी हिशेबी झाली तर स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्याला वाटेल की, ही दुसरीच कोणी बोलते आहे. माझे म्हणणे एवढेच होते की, ती तीनशे भाग तशी बोलली ते आम्हीच लिहिले म्हणून, आणि आता त्या लिहिण्याचाच दाखला देऊन तिला पुढेही तसेच बोलायला लावणे म्हणजे आपणच घातलेल्या कुंपणाला नदी समजण्यासारखे आहे. त्या म्हणाल्या, बघते काय करता येईल.

त्यांनी जे केले ते मला सुचले नसते. प्रसंग त्यांनी जवळजवळ जसाच्या तसा ठेवला, पण नायिकेला त्यातून काढले. नायिकेने आधीच, वेगळ्या प्रसंगात, साश्रू नयनांनी दोन्ही गटांवर सही केली. आणि मसुदा वाचून घेणारी, विहिरीचा गट अडवणारी, ‘आता ठरवू’ म्हणणारी बाई झाली ती कथेतली निगेटिव्ह चुलत नणंद. दिवाळीचे वाक्यही तिलाच मिळाले. संगीत बदलले, कॅमेरा खालून लागला, आणि एका सोयाबीन उत्पादक बाईचे शब्द एक भुवई उंचावून बोलले गेले. प्रसारणाच्या दुसऱ्या दिवशी काकांनी फोन करून सांगितले, कार्यालयाच्या आवारात सगळ्यांनी तो भाग ऐकला, ‘ती नणंद लई शहाणी निघाली’ असे बायका म्हणत होत्या. नायिकेबद्दल कोणी काही बोलले का, असे मी विचारले. ती रडत होती तेवढ्यात लाईट गेली होती, असे ते म्हणाले.

पुढच्या काही आठवड्यांत वाहिनीकडून सूचना आली की, प्रेक्षकांना नणंद आवडू लागली आहे, तेव्हा तिला ताबडतोब अधिक वाईट करा. नव्या वनलाइनमध्ये तिने नायिकेच्या पायरीवर तेल सांडायचे होते. तो प्रसंग मी लिहून दिला. फक्त त्याआधी, तिच्याविषयी संशय वाढावा म्हणून असे कारण देऊन, एक छोटा प्रसंग मी घातला : नणंद तलाठी कार्यालयात जाऊन उतारा मागते, तो तिथेच उभी राहून पहिल्या ओळीपासून वाचते आणि नायिकेला फोन करून सांगते की, तुझे नाव अजून कमी झालेले नाही, हरकत घ्यायची असेल तर मुदत आहे. क्रिएटिव्ह बाईंनी शेजारी ‘छान, कारस्थानी’ असा शेरा लिहिला आणि प्रसंग मंजूर केला.