भरती ॲप, नोंद 6: साडेपाच तासांचा चोर

समुद्राच्या भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणाऱ्या माझ्या ॲपमधला चोर सापडला एकदाचा. तीन शनिवार-रविवार खाल्ले मेल्याने.

मागच्या नोंदीतलं रडगाणं आठवत असेल. डी-7 (ॲप टाकल्यापासून सातव्या दिवशी किती टक्के लोक परतले, तो आकडा) झकास दिसत होता, कारण विजेट, म्हणजे फोनच्या पडद्यावरची ॲपची छोटी चौकट, आपोआप रिफ्रेश झालं की तोही इव्हेंट मी 'माणूस परत आला' म्हणून धरत होतो. तो काढला, 'भरतीचा तक्ता उघडला' एवढीच परतण्याची खूण ठेवली, आणि आकडे जे आपटले ते उठेचनात. डी-1 तर असा, की ॲप टाकल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी ढुंकूनही बघत नाही.

इकडे आमच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये सांगतात, "अरे, शनिवारी तुझं ते बघूनच नेरूळला गेलो होतो. फ्लेमिंगोंनी पाणी नुसतं गुलाबी!" काकांना ॲप मीच टाकून दिलं होतं, शुक्रवारी रात्री, त्यांच्या सोफ्यावर बसून. म्हणजे डी-1 पक्का. कोहॉर्टच्या, म्हणजे एकाच दिवशी ॲप टाकलेल्यांच्या तुकडीच्या, तक्त्यात मात्र काका गैरहजर.

त्यांना विचारूनच सर्व्हरच्या लॉगमधल्या त्यांच्या ओळी काढल्या. इन्स्टॉल 16:10. तक्ता उघडला 23:42. दोन्ही शुक्रवारी. बघतच बसलो. पावणेबाराला हा माणूस घोरत असतो, भिंतीपलीकडून मला ऐकू येतं! मग ट्यूब पेटली. सर्व्हरचं घड्याळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे. इन्स्टॉल झालं आपल्या रात्री 9:40 ला, तक्ता उघडला पहाटे 5:12 ला, आणि मी तारीख थेट टाइमस्टॅम्पवरून कापलेली. म्हणजे माझ्या रिपोर्टमध्ये दिवस उजाडत होता पहाटे साडेपाचला. जेवण मागवायच्या ॲपला याने फारसा फरक पडला नसता. आपलं गिऱ्हाईक नेमकं साडेपाचच्या आत उठून फोन बघणारं.

उलट्या बाजूनेही तोच घोळ. पहाटे 5:10 ला इन्स्टॉल, खाडीवर पोचून 6:30 ला परत उघडलं, की यूटीसीत तारीख उलटलेली आणि फुकटचा डी-1 खिशात. खरे गायब, खोटे हजर. नुसता आकडा कमी असता तर लवकर संशय आला असता. दोन्हीकडून गळती असल्याने आलेख दिसायला शहाण्यासारखा दिसत होता.

दुरुस्ती पाच मिनिटांची, असं वाटलं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वेळेच्या कॉलमला 'ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता' लावलं, तर काकांचं इन्स्टॉल सकाळी 10:40 ला गेलं! पुढे जायच्या ऐवजी आणखी साडेपाच तास मागे. कॉलम बनवताना टाइम झोनशिवायचा बनवला होता (नोंद 2, तेव्हाचा आळस). अशा कॉलमला तसं सांगितलं की पोस्टग्रेस ती वेळ आधीच भारतीय आहे असं धरतं. आधी यूटीसी सांगायचं, मग कोलकाता, दोनदा. झालं. काका डी-1 मध्ये आले तेव्हा रात्री एक वाजता मी स्वतःसाठी चहा टाकला.

ॲपचा वापर मोजायच्या तयार साधनांत दिवसाऐवजी पहिल्या इव्हेंटपासून 24 तास मोजायचीही सोय असते. मोह झाला होता, पण काका साडेसात तासांत परतले. त्या हिशोबात ते डी-0 मध्येच अडकले असते. आपल्याला पंचांगातला नाही तरी भिंतीवरच्या कॅलेंडरचा दिवस हवा. तशीही मला ती साधनं जडच वाटतात. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आणि मेटाबेस (उत्तरांचे आलेख काढणारं साधन) यांत माझं भागतं.

आता खरी मजा. दुरुस्त केलेल्या वक्रात डी-1 बरा, मग सपाट वाळवंट, आणि डी-14, डी-15 ला उंचवटा. पुन्हा बग म्हणून लॉग उपसले. डुप्लिकेट नाहीत, विजेट नाही. कालनिर्णयवर नजर गेली आणि कपाळावर हात मारला. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे सकाळच्या त्याच वेळेची भरती पुन्हा मिळते 15 दिवसांनी. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या चिखलात चरायला पांगतात, भरतीने चिखल बुडाला की नेरूळच्या पाणथळीत येऊन बसतात. फ्लेमिंगो दाखवणाऱ्या ऐरोलीच्या बोटीही भरती बघूनच सुटतात. मधल्या दिवसांत लोकांनी ॲप कशाला उघडावं?

शंका एकच होती. शनिवारी आलेल्याचा डी-14 पण शनिवारच, मग हे श्रेय भरतीचं की सुट्टीचं? याचा निकाल डी-7 ने दिला. तोही शनिवार, पण त्या वेळी पाणी ओसरलेलं. तिथे उंचवटा नाही. (20-25 जणांच्या तुकडीत एक माणूस हलला की 4-5 टक्के हलतात, त्यामुळे मी अजून पेढे वाटत नाहीये. ज्यांचे 15 दिवस पुरे झालेले नाहीत तेही भाजकातून काढलेत.)

तर डी-7, डी-30 चा बेत रद्द. लिहिता लिहिताच सुचतंय, की कोहॉर्ट तारखेऐवजी तिथीवर बांधावा. जुना हिशोब आहेच, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ: दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा चढतं, तेवढी भर घालायची. मग प्रश्न एवढाच, की या दशमीचा माणूस पुढच्या दशमीला परतला का? पाऊस सुरू झाला की पक्षी जातील आणि हा वक्रही झोपेल, तो ॲपच्या माथी मारायचा नाही.

रीइन्स्टॉल केलं की नवा आयडी मिळतो आणि जुनाच माणूस नवा ठरतो, तो घोळ तसाच आहे. काकांनी काल फोन बदलला.