दोन स्क्रूंचं काम

काकांच्या गाडीचा ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डमधून हवा फेकणारा पंखा, फक्त चारवर चालायचा. एक, दोन, तीनवर मुकाट. हे लक्षण म्हणजे रजिस्टन्स, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा पार्ट, उडालेला. खालच्या तीन वेगांना करंट रजिस्टन्समधून जातो, चारवर थेट मोटरला. म्हणून तो मेला तरी चौथा वेग जिवंत राहतो. महिन्यापूर्वी त्यांनी फोनवर विचारलं होतं, "घरी बदलता येईल का?" मी म्हटलं, "ग्लोव्ह बॉक्स उतरवा, दोन स्क्रू आहेत." खोटं काही नव्हतं.

रविवारी पुन्हा फोन. "तिसरा रजिस्टन्स चाललाय, पण आतून वास येतोय." वास म्हटल्यावर ब्लोअर बंद ठेवायला सांगितलं आणि मीच त्यांच्या सोसायटीत गेलो.

कपलरच्या, म्हणजे रजिस्टन्सला वायरी जोडणाऱ्या प्लगच्या, दोन पिना तपकिरी झालेल्या, भोवतीचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं. रजिस्टन्स बाहेर काढला तर तापमानाच्या फ्यूजवरून तांब्याची तार डागलेली.

"हे काय, काका?"

"अहो, तो एवढासा तुकडाच दरवेळी उडतो. कॉइल शाबूत असतात. मग पूर्ण पार्ट कशाला घ्यायचा?"

निदान अचूक. डागकामही माझ्यापेक्षा सुबक. पण तो तुकडा उडण्यासाठीच बसवलेला असतो. रजिस्टन्स मुद्दाम हवेच्या वाटेत ठेवतात, वाऱ्याने थंड राहावा म्हणून. जास्त तापला तर फ्यूज तुटतो. तार टाकल्यावर तुटायला काही उरलं नाही. पुढचा नंबर कपलरचा, त्यानंतर डॅशबोर्डमागच्या वायरिंगचा.

मग वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा क्लँप मीटर लावला. डीसी मोजणारा हवा, घरच्या वायरिंगचा साधा क्लँप इथे आकडा दाखवत नाही. चारवर 19 अँपिअर. एवढ्या गाडीत 12 ते 14 असायला हवेत. मेन फ्यूज 30 चा, तो कशाला कुरकुरेल? खालच्या वेगांवर सगळा मार रजिस्टन्सवर. अँपिअर दीडपट झाले की उष्णता सव्वादोनपट होते, आणि मोटर रखडत फिरत असल्याने थंड करणारी हवाही कमी.

गॅरेजात सर्रास सांगतात, फिल्टर चोंदला की मोटरवर लोड येतो. उलट आहे. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड हाताने दाबा, मोटर हलकी होऊन जोरात फिरते. इथेही तेच, अँपिअर उतरतात. चोंदलेला फिल्टर रजिस्टन्सला मारतो तो हवा अडवून. काकांचा फिल्टर मात्र कोरा करकरीत होता. म्हणजे दोष मोटरकडेच.

आठ नंबरच्या बॉक्स पान्याने तीन स्क्रू काढले, मोटर खाली आली आणि माझ्या तोंडावर गुलमोहर सांडला. गाडी गुलमोहराखाली उभी असते. काचेखालची जाळी मोठी पानं अडवते, पण गुलमोहराची पानं भाताच्या दाण्याएवढी, ती सरळ आत. या गाडीत फिल्टर ब्लोअरच्या नंतर, एसीच्या कॉइलच्या अलीकडे, त्यामुळे सगळा पाला पंख्यात. पात्यांमध्ये दमट लगदा घट्ट बसलेला आणि तोच खाली उतरून मोटरच्या बुशपाशी, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्यापाशी. पंखा हाताने फिरवला तर दोन-चार फेरे सहज जायला हवेत. हा अर्ध्या फेऱ्यात थांबला.

दात घासायच्या जुन्या ब्रशने पाती साफ केली. एका पात्यावर लोखंडी क्लिप असते, ती कचरा समजून काढू नका. पंख्याचा तोल तिच्यावर असतो, काढली की डॅशबोर्ड थरथरतो. बुशवर मशीन ऑइलचा एकच थेंब. जळका कपलर कापून वायरीसकट नवा लावला, जोड पिळून टेप न मारता क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, वर स्लीव्ह चढवली. जळक्या पिनेवर नवा रजिस्टन्स लावणारे मी रोज पाहतो. पिन पुन्हा तापते आणि नाव कंपनीचं खराब होतं.

नवा रजिस्टन्स, फ्यूजसकट. चारवर 13.5.

काका मीटर बघत होते. "हे मोजायचं मागे फोनवर का नाही सांगितलंत?" उत्तर नव्हतं. त्यांच्याकडे क्लँप नव्हता, पण पंखा हाताने फिरवायला क्लँप लागत नाही.

काल त्यांनी आवाज पाठवला आहे. एकवर, सकाळच्या गारव्यात, बारीक चीं. बुश झिजलंय, तेलाने सुटणारं नाही. मोटर मी त्यांचे पैसे वाचावेत म्हणून ठेवली होती.