रिक्षाचं भाडं, विजेचं बिल आणि इफ-एल्सचा सराव

इफ-एल्सचा, म्हणजे ‘अट खरी असेल तर हे कर, नाहीतर ते कर’ असा कोड लिहिण्याचा, सराव म्हटलं की प्रोग्रामिंगच्या क्लासमध्ये दोन गणितं ठरलेली असतात: संख्या सम की विषम, आणि विद्यार्थी पास की नापास. दोन्ही पाच मिनिटांत सुटतात आणि फारसं काही शिकवत नाहीत, कारण त्यांत चुकायला जागाच नसते. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याने गणितं शोधायला लांब जायला नको. रिक्षाचं भाडं, विजेच्या बिलाचे टप्पे, गाडीचा नंबर आणि टोलनाका, एवढ्यात नवशिक्याच्या जवळपास सगळ्या चुका सापडतात. ‘कंडिशन चालत नाही’ म्हणून आपण डोकं खाजवत बसतो, तेव्हा बऱ्याचदा कंडिशन ठीक असते. तिला दिलेल्या माहितीचा डेटा टाइप चुकलेला असतो. म्हणून इफ लिहिण्याआधी प्रत्येक व्हेरिएबलपुढे कागदावर लिहून ठेवा: इंट (पूर्णांक), फ्लोट (दशांश संख्या), स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) की बूल (खरं-खोटं).

उदाहरणं पायथन ३ या प्रोग्रामिंग भाषेतली आहेत. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड मोबाइलवर पायड्रॉइड ३ या अ‍ॅपमध्येही हे सगळं चालतं. खाली कोडच्या ओळी देवनागरीत दिल्यात त्या वाचण्यासाठी. टाइप करताना इफ, एलिफ (एल्स इफ), एल्स, फ्लोट, इनपुट असे पायथनचे शब्द आणि कोडमधले आकडे इंग्रजीतच हवेत. व्हेरिएबलचं नाव मात्र ‘अंतर’ किंवा ‘भाडे’ असं देवनागरीत ठेवलं तरी पायथन ३ कुरकुरत नाही. एकच सांभाळायचं. काही मराठी कीबोर्ड अर्ध्या र साठी मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. ते नावात आलं की सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या नियमाची चूक) येतो, आणि डोळ्यांना तर काहीच दिसत नाही.

पहिलं गणित रिक्षाचं. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात, म्हणजे ठाण्यात आणि नवी मुंबईतही, मीटरच्या रिक्षाचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आहे आणि पुढे किलोमीटरला १७.१४ रुपये. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत २५ टक्के जास्त.

अंतर = फ्लोट(इनपुट("किती किमी? "))
इफ अंतर <= १.५:
    भाडे = २६
एल्स:
    भाडे = २६ + (अंतर - १.५) * १७.१४

पहिल्या ओळीतला फ्लोट काढून बघा. इनपुट नेहमी स्ट्रिंग देतो, समोरच्याने २.४ टाइप केलं तरीही. स्ट्रिंगची तुलना १.५ शी करायला गेलात की टाइप एरर येतो, आणि तो आला हे बरंच झालं. वाईट वेळ येते ती दोन्ही बाजूंना स्ट्रिंग असताना. दोन अंतरं इनपुटने घेतली, एक १० आणि दुसरं ९, आणि ‘जवळचं कोणतं’ असं विचारलं, तर उत्तर १० येतं. स्ट्रिंगची तुलना शब्दकोशातल्यासारखी पहिल्या अक्षरापासून होते, आणि १ हा ९ च्या आधी येतो. एरर नाही, तक्रार नाही, फक्त चुकीचं उत्तर.

फ्लोटऐवजी इंट लिहिलं तर २.४ वर व्हॅल्यू एरर येईल, कारण इंटला दशांश चिन्ह असलेली स्ट्रिंग वाचता येत नाही. पण आधीच फ्लोट असलेला २.९ इंटला दिला तर तो मुकाट्याने २ करून देतो. जवळच्या संख्येला नेत नाही, मागचं छाटतो. हा फरक स्वतः रन करून बघावा. आणि एक गंमत: इनपुटमध्ये मराठी कीबोर्डवरून ‘१२’ टाइप केलं तरी इंट ते बरोबर वाचतो. कोडच्या ओळीत मात्र देवनागरी आकडा चालत नाही.

आता तपासणी. २ किमीला वरचा कोड ३४.५७ देतो, गोल केल्यावर ३५. पण पूर्ण अंतराला १७.१४ ने गुणलं तर ३४.२८ येतात, म्हणजे ३४. रुपया कुठे वाढला? दीड किलोमीटरचे खरे २५.७१ होतात, २६ हा आधीच गोल केलेला आकडा आहे. तो धरून पुढची बेरीज केली की गोल करणं दोनदा होतं. नियम सोपा ठेवा: गोल एकदाच करायचं, आणि तेही छापण्याच्या आधी. पुढच्या उदाहरणांत मात्र सोपं म्हणून २६ च धरलेत.

रात्रीचं भाडं काढताना राउंडची, म्हणजे पायथनच्या गोल करणाऱ्या फंक्शनची, खोडी उघडी पडते. २६ चे सव्वापट ३२.५. राउंड(३२.५) केलं की आपण ३३ ची वाट बघतो आणि येतात ३२. पायथन ३ चा राउंड बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतो, म्हणून ३३.५ चे ३४ होतात आणि ३२.५ चे ३२. शाळेत शिकलेलं गोल करणं हवं असेल तर इंट(भाडे + ०.५) लिहा. भाडं उणे नसतं, त्यामुळे इथे ते चालून जातं.

वेळेच्या कंडिशनसाठी तास ० ते २३ असा इंट घ्या. पायथनमध्ये ० <= तास < ५ असं सरळ लिहिता येतं. कॉलेजात सी ही भाषा शिकत असाल तर तिथे हीच ओळ कंपाइल होते आणि कायम खरी ठरते, कारण सी आधी पहिली तुलना करून ० किंवा १ काढतो आणि मग तो आकडा ५ पेक्षा लहान आहे का बघतो. तो तर असतोच. सी मध्ये दोन तुलना वेगळ्या लिहून मध्ये अँड घालायचा. वेळ मध्यरात्र ओलांडणारी असेल, समजा रात्री ११ ते पहाटे ५, तर अँड उपयोगाचा नाही. कोणताही तास एकाच वेळी २३ च्या पुढे आणि ५ च्या आत नसतो. तिथे ऑर लागतो. तपासायचे तास: ०, ४, ५, २२, २३. आणि कोणी २४ टाइप केलं तर काय, हेही ठरवून ठेवा.

फ्लोटचा खरा दगा मात्र सीमेवर दिसतो. मीटरसारखं दर शंभर मीटरला अंतरात ०.१ मिळवत जा. पंधरा वेळा मिळवल्यावर १.५ यायला हवेत. येतात १.५००००००००००००००२. ०.१ ही संख्या कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत नेमकी मावत नाही, आणि प्रत्येक बेरजेत थोडी चूक साठत जाते. मग ‘अंतर <= १.५’ ही कंडिशन खोटी ठरते आणि प्रवासी एल्समध्ये जाऊन पडतो. वरच्या सूत्रात पैशाचाही फरक पडत नाही, पण जिथे पुढचा टप्पा सुरू होताच पूर्ण टप्प्याचे पैसे लागतात तिथे तो लगेच दिसतो. उपाय जुनाच आहे: अंतर मीटरमध्ये आणि पैसे पैशांमध्ये ठेवा, दोन्ही इंट. २४०० मीटरचं भाडं २६०० + (२४०० - १५००) * १७१४ // १०००, म्हणजे ४१४२ पैसे. दोन तिरक्या रेघांचा भागाकार पूर्णांकच देतो. रुपये हवेत तेव्हा ५० मिळवून १०० ने भागा: ४१. रात्रीच्या किमान भाड्याचे ३२५० पैसे याच पद्धतीने ३३ रुपये होतात. राउंडची भानगडच राहत नाही.

एलिफसाठी विजेचं बिल हे सगळ्यात चांगलं गणित आहे. महावितरणच्या घरगुती बिलात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे असतात. दर बदलत राहतात, ते ताज्या बिलावरून घ्या. सरावाला सोपे म्हणून इथे ५, १०, १५ आणि १८ रुपये धरू. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क सध्या बाजूला.

इफ युनिट <= १००:
    बिल = युनिट * ५
एलिफ युनिट <= ३००:
    बिल = ५०० + (युनिट - १००) * १०
एलिफ युनिट <= ५००:
    बिल = २५०० + (युनिट - ३००) * १५
एल्स:
    बिल = ५५०० + (युनिट - ५००) * १८

नवशिका दुसऱ्या टप्प्यात हमखास युनिट * १० लिहितो. मग १०० युनिटचं बिल ५०० आणि १०१ चं थेट १०१०. खरं ५१० यायला हवं. महागडा दर फक्त त्या टप्प्यात पडणाऱ्या युनिटना लागतो, सगळ्यांना नाही. ही चूक २५० युनिट टाकून कळत नाही, कारण २५०० हा आकडा तोंडावर खरा वाटतो. बरोबर उत्तर २००० आहे. म्हणून चाचणीला गोल आकडे घेऊ नका, सीमेच्या दोन्ही बाजूंचे घ्या: ०, १, १००, १०१, ३००, ३०१, ५००, ५०१. बिल यायला हवं अनुक्रमे ०, ५, ५००, ५१०, २५००, २५१५, ५५००, ५५१८.

आता याच कोडमधले दोन्ही एलिफ काढून तिथे इफ लिहा आणि ५० युनिट द्या. पहिल्या इफमध्ये बिल २५० होतं, दुसरा इफही खरा म्हणून ते शून्य होतं, तिसराही खरा म्हणून उणे १२५०. महावितरणच आपल्याला पैसे देणार! एलिफ का असतो हे यापेक्षा चांगलं कोणी समजावू शकणार नाही. क्रमही उलटून बघा. <= ५०० वाली ओळ सगळ्यात वर ठेवली तर खालच्या दोन ओळींपर्यंत गाडी कधी पोचतच नाही.

बिलावर ‘१ ते १००, १०१ ते ३००’ असं छापलेलं असतं म्हणून कंडिशनही अगदी तशीच लिहिली जाते: युनिट >= १ अँड युनिट <= १००, मग युनिट >= १०१ अँड युनिट <= ३००. युनिट इंट आहे तोवर हे चालतं. ते फ्लोट करून १००.५ द्या, तो कुठल्याच टप्प्यात बसत नाही. शेवटी एल्स असेल तर त्याला १८ चा दर लागतो. एल्स नसेल तर बिल हे व्हेरिएबल तयारच होत नाही आणि छापायच्या ओळीवर नेम एरर येतो. लोक मग छापायच्या ओळीत चूक शोधत बसतात.

गाडीच्या नंबरात डोकं फार लागत नाही, पण सवय लागते. एमएच ०४ ठाणे, ०५ कल्याण, ४३ नवी मुंबई, ४६ पनवेल. नंबर स्ट्रिंग म्हणून घ्या, रिकाम्या जागा आणि डॅश रिप्लेसने काढा, अक्षरं अपरने मोठी करा, मग नंबर[२:४] घ्या. मोजणी शून्यापासून, आणि शेवटचा ४ त्यात धरायचा नाही. हातात ‘०४’ ही स्ट्रिंग येते. तिची तुलना ४ शी केली तर एरर येत नाही, उत्तर फक्त कायम खोटं येतं आणि ठाण्याची प्रत्येक गाडी ‘इतर’मध्ये जाते. कोडमध्ये अवतरणचिन्ह न घालता ०४ लिहिलं तर पायथन ३ सरळ सिंटॅक्स एरर देतो. ०२२ या एसटीडी कोडचंही तेच: इंट केला की २२ उरतात. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही, मग तो पिनकोड असो, मोबाइल नंबर असो की फ्लॅट नंबर, ते स्ट्रिंगच राहू द्यावं.

‘रात्र आहे का?’ असं विचारून हो-नाही घेताना दोन खड्डे आहेत. पहिला: इफ उत्तर == "हो" ऑर "होय". ही कंडिशन ‘नाही’ लिहिलं तरी खरीच ठरते. ऑरच्या उजवीकडे तुलना नाहीच, नुसती स्ट्रिंग आहे, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरी मानली जाते. लिहायचं असं: इफ उत्तर इन ("हो", "होय"). दुसरा: बूल("नाही") याचंही उत्तर ट्रू, कारण तेच. तुलनेआधी स्ट्रिप करून पुढचीमागची स्पेस काढा. मोबाइलचा कीबोर्ड शब्दानंतर ती हळूच घालतो. शब्दाची लांबी बघून कंडिशन लावत असाल तर लेन("ठाणे") चालवून पाहा. आपण दोन अक्षरं मोजतो, पायथन चार, कारण काना आणि मात्रा त्याच्या लेखी वेगळे.

शेवटचं गणित टोलचं, ते स्वतः लिहा. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर, म्हणजे वाशी, ऐरोली, आनंदनगर, मुलुंड एलबीएस आणि दहिसर इथे, हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोल माफ आहे. तीन इनपुट घ्या: नाका, वाहनाचा प्रकार, तारीख. नाका पाचांपैकी नसेल तर आधीच ‘नाका चुकीचा’ म्हणून बाहेर पडा, म्हणजे पुढच्या इफमध्ये इफ घुसवत जावं लागत नाही. मग प्रकार, मग तारीख. मध्यरात्रीपासून म्हणजे १५ तारखेपासून, म्हणून तुलना >= आणि तारीख १५ ऑक्टोबर. १४ ला टोल लागतो, १५ ला नाही, आणि जड वाहनाला दोन्ही दिवशी लागतो: या तीन चाचण्या तरी हव्यातच.

तारीख ‘०१-०१-२०२५’ अशी स्ट्रिंग ठेवलीत तर ती ‘१५-१०-२०२४’ च्या आधीची ठरेल आणि जानेवारीत गाडीला टोल पडेल, कारण तुलना दिवसाच्या पहिल्या आकड्यापासून सुरू होते. वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवून महिना आणि दिवस दोन आकडी लिहिले तर स्ट्रिंगची तुलनाही बरोबर येते. तारीख समोरचा माणूस टाइप करणार असेल तर मात्र ‘५/१/२५’ पासून काहीही येऊ शकतं. दिवस, महिना, वर्ष वेगळे इंट म्हणून मागा आणि डेटटाइम मॉड्यूलमधल्या डेटला द्या. ३१ फेब्रुवारी टाकली की तो स्वतःच व्हॅल्यू एरर देतो, त्यासाठी वेगळा इफ लिहावा लागत नाही.