लाल ढोकळा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी विज्ञानाच्या बाईंवर लिही, असा वर्गमित्रांचा हुकूम आहे. पण बाई म्हटलं की मला पाठोपाठ टीव्हीवर पाककृती शिकवणाऱ्या तरला दलाल आठवतात. त्याला कारण माझा ढोकळा.

आमच्या परळच्या चाळीत मजल्यावर केबल फक्त शेजारच्या काकूंकडे. सोनीवर तरला दलाल आल्या की काकू भिंतीवर थाप मारायच्या, की मी रफ वही घेऊन त्यांच्या उंबऱ्यात हजर. नववीतला मुलगा पाककृती उतरवतोय म्हणून चाळीत व्हायची ती चेष्टा झाली. मला त्यांचं बोलणं आवडायचं. गुजराती वळणाचं, बिनघाईचं. समोरच्याला काही येत नाही हे धरूनच सांगायच्या, पण त्याला कधी हिणवायच्या नाहीत. त्या मूळच्या पुण्यात जन्मलेल्या, लग्न होऊन मुंबईला आलेल्या. १९६६ साली घरीच वर्ग सुरू केले, १९७४ साली पहिलं पुस्तक आलं, पुढे शंभरावर झाली, २००७ साली पद्मश्री. हे सगळं मला फार नंतर समजलं. तेव्हा समजलं ते एवढंच, की त्यांच्याकडे चिमूटभर आणि अंदाजे हे शब्द क्वचितच यायचे. कप, टेबलस्पून, टीस्पून.

आमची आई मालवणची. माझ्या वहीत डोकावून म्हणाली, "मीठ काय चमच्यान मोजून घालतत काय रे?"

त्या वर्षी शाळेच्या आनंदमेळ्यात आमच्या तुकडीने स्टॉल लावला. मी झटपट ढोकळा करायचं कबूल केलं. कृतीत इनो होतं. घरात इनो नव्हतं, खायचा सोडा होता. पांढरी पूड ती पांढरी पूड! त्यात वहीत घाईघाईने नुसतं 'टी' लिहिलेलं. तो टीस्पून की टेबलस्पून? मी मोठा चमचा घेतला आणि वर चांगला रंग यावा म्हणून हळद सढळ हाताने टाकली.

कुकरचं झाकण काढलं तर ढोकळा विटकरी लाल. फुगला मात्र झकास होता.

पोरं लांबूनच बघून पुढे जात होती. विज्ञानाच्या बाई आल्या, दोन रुपये देऊन एक तुकडा घेतला, खाल्ला (साबणासारखा लागत होता, मी स्वतः चाखला होता) आणि काही न बोलता उरलेलं ताट प्रयोगशाळेत पाठवायला सांगितलं. सोमवारी तासाला त्यांनी एका तुकड्यावर लिंबू पिळलं. लाल ढोकळा आमच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. हळद हा दर्शक आहे, म्हणजे रंग बदलून पदार्थ ओळखून देणारी; आम्लारी, म्हणजे सोड्यासारखा आम्लाच्या उलटा पदार्थ, मिळाला की लाल होते. इनोमध्ये सोड्याबरोबर सायट्रिक आम्ल असतं, ते सोड्याला खाऊन टाकतं; नुसता सोडा, तोही भरमसाट घातला, तर उरतो. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कृती कुणाची?" मी म्हटलं, तरला दलालांची. "त्यांनी माप सांगितलं होतं ना?" होतं, बाई.

दर्शकांवरचा प्रश्न त्यानंतर आमच्या वर्गात कुणाचा चुकल्याचं मला आठवत नाही.

आता मी आणि आई मिळून डबे देतो, रोजचे साठेक. पाच माणसांचं जेवण आईच्या अंदाजाने कधी बिघडत नाही, साठांचं बिघडतं. हे तिला मान्य नाही आणि मी वाद घालत नाही. ओट्याच्या वर खिळ्याला मापाच्या चमच्यांचा जुडगा टांगलेला आहे, तो मी पहिल्या कमाईतून घेतला. मासे खाणाऱ्या घरात माझी निम्मी शिदोरी त्या शाकाहारी बाईंची आहे, बेक केलेल्या भाज्यांपासून बिनअंड्याच्या केकपर्यंत.

२०१३ ची दिवाळी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, ६ नोव्हेंबरला, बातमी आली. आईनेच आतून हाक मारली, "अरे, तुझी ती गुजरातीण गेली." टीव्हीवर त्यांचा फोटो होता, खाली वय ७७. आई थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग म्हणाली, "बेसन आसा मां?"

ऑफिसं अर्धी रिकामी होती, डबे जेमतेम बावीस. प्रत्येकात दोन तुकडे ढोकळा गेला, पिवळाधमक. इनो मी टीस्पूनने मोजून घातलं. मीठ आईने घातलं, मुठीने.