भाच्याने सिनेमाची चूक पकडली!

आज जळगावात ऊन असं की बाहेर पाय टाकवेना. भाच्यासोबत घरीच २०१० चा 'द कराटे किड' लावला. पोरगा कराटे क्लासला जातो. अर्ध्यात ओरडला, "मामा, हे तर कुंग फू आहे!"

बरोबर की! गोष्ट बीजिंगची, जॅकी चॅन शिकवतो कुंग फू, नाव मात्र कराटे. कराटे मूळचं जपानच्या ओकिनावा बेटाचं. १९८४ च्या सिनेमात गुरूच ओकिनावाचा, तिथं नाव शोभलं. चिनी काय, जपानी काय, हॉलिवूडला सगळे सारखेच! (आपल्याला कुणी सरसकट गारुडी ठरवलं की आपण चिडतोच ना?)

आईचं लक्ष भलतीकडेच: "हाऊ पोऱ्या कितला मार खास!"