3.8 गिगाहर्ट्झवर गाडी का अडली

परवा भाचा म्हणाला, मामा तुझ्या जुन्या पीसीवर 3.8 गिगाहर्ट्झ (चिपच्या घड्याळाचे सेकंदाला किती ठोके, त्याचं माप) लिहिलंय, माझ्या नव्या लॅपटॉपचा बेस स्पीड तर त्याहून कमी आहे, मग हा फास्ट कसा? प्रश्न एवढा आवडला की कागद-पेन घेऊनच बसलो.

2004 मध्ये इंटेलचा पेंटियम 4 प्रोसेसर 90 नॅनोमीटर प्रोसेसवर (चिप बनवायची त्या पिढीची पद्धत) 3.8 पर्यंत पोचला, 4 गिगाहर्ट्झवाला येणार असं सांगून झालं होतं, तो शेवटी रद्दच केला. तोवर सगळं 1974 च्या हिशोबाने चालायचं, आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि मंडळींनी मांडलेला. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले इवलेसे स्विच, लहान करा, व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरवा, स्विच जोरात चालतो आणि तेवढ्याच जागेत उष्णता वाढत नाही.

पण व्होल्टेज उतरवायचं तर ट्रान्झिस्टर चालू व्हायचं थ्रेशोल्डही उतरवावं लागतं, आणि मग तो बंद असतानाही करंट गळतो, वायसर गेलेला नळ ठिबकतो ना तसा. हा गळका करंट दहापट कमी करायला नेहमीच्या तापमानाला थ्रेशोल्डमध्ये निदान 60 मिलिव्होल्ट लागतातच, हा फिजिक्सचाच नियम, चिपचा कारखाना कितीही भारी असू दे. त्यात गेटखालचा (गेट म्हणजे स्विच चालू-बंद करणारी कळ) करंट अडवणारा ऑक्साइडचा थर 1.2 नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम पाचेक अणूंचा, इलेक्ट्रॉन सरळ त्यातून आरपार जायला लागले. कोट्यवधी नळ ठिबकले की चिप तापणारच.

यातून वाट काढली ती मटेरियलवाल्यांनी, आणि मला याचं फार कौतुक वाटतं. 90 नॅनोमीटरलाच सिलिकॉनची जाळी ताणून करंट वाढवला होता, मग 2007 ला 45 नॅनोमीटरवर सिलिकॉन ऑक्साइडच्या जागी हाफ्नियमच्या ऑक्साइडचा जाड थर आला, जाड असून गेटची पकड तशीच. आणि फिनफेट तर कमालच! चॅनेल, म्हणजे करंट जायचा रस्ता, आडवा न ठेवता माशाच्या पंखासारखा उभा केला, गेटने तीन बाजूंनी धरला, गळती कमी, त्यामुळे कमी व्होल्टेजवरही दमदार स्विच. इंटेलने 2012 मध्ये 22 नॅनोमीटरवर हे बाजारात आणलं. आता गेट चारी बाजूंनी, सॅमसंगने 2022 मध्ये 3 नॅनोमीटरवर सुरू केलं (हा आकडा आता नावापुरताच, तेवढ्या मापाचं आत काही नसतं).

तारांचं दुखणं वेगळंच, त्या बारीक केल्या की रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे ट्रान्झिस्टर तयार पण सिग्नल वाटेतच.

म्हणून घड्याळ फारसं पळालं नाही, पण वाढीव ट्रान्झिस्टर जास्त कोअर (एकाच चिपवर काम करणारे वेगवेगळे भाग), कॅश (चिपवरचीच झटपट मेमरी) आणि एका ठोक्यात जास्त काम करण्यात गेले. भाच्याचा लॅपटॉप फास्ट आहे तो त्यामुळे. त्याने फिनचं चित्र वहीत काढून घेतलं आणि विचारलं, मग चारी बाजू झाल्यावर पुढे काय? एन आणि पी, म्हणजे एकमेकांच्या उलट चालणारे दोन प्रकारचे ट्रान्झिस्टर, एकावर एक रचायचे प्रयोग चालू आहेत, ते चित्र रविवारी काढणार आहोत.