प्रकरण २ मध्ये १.४ कुठून येते?

शोधप्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या उपशीर्षकाला २.१ ऐवजी १.४ असा क्रमांक पडला, की बहुतेक जण तो आकडा खोडून तिथे हाताने २.१ टाइप करतात. शिवाजी विद्यापीठाला सादर करायचे शोधप्रबंध, कोल्हापूर परिसरातील सहकारी संस्थांचे उपविधी आणि वार्षिक अहवाल यांची मांडणी मी करते, आणि अशा हाताने दुरुस्त केलेल्या फाईली माझ्याकडे सतत येतात. पुढचा बराचसा गोंधळ त्या दुरुस्तीतूनच वाढलेला असतो. मायक्रोसॉफ्ट वर्डमधील स्वयंचलित क्रमांक मजकुरात साठवलेला नसतो. यादीची जी व्याख्या फाईलमध्ये असते तिच्यावरून तो मोजला जातो आणि परिच्छेदापुढे दाखवला जातो. त्यामुळे मोजणी नेमकी कुठे तुटली, हे आधी पाहावे लागते.

चुकीचा आकडा नीट वाचला तर बिघाड कुठे आहे हे बहुधा कळते. दुसऱ्या प्रकरणात १.४ दिसत असेल, तर वर्डच्या हिशेबी दुसरे प्रकरण सुरूच झालेले नाही: ‘प्रकरण २’ ही ओळ ठळक अक्षरांत हाताने टाइप केलेली असते, किंवा ती वेगळ्याच यादीत गेलेली असते. २.४ दिसत असेल, तर प्रकरणाची मोजणी बरोबर आहे, पण दुसऱ्या पातळीच्या, म्हणजे उपशीर्षकांच्या, व्याख्येत ‘रिस्टार्ट लिस्ट आफ्टर’ या पर्यायावरची खूण निघालेली आहे (हा आणि पुढचे पर्याय ‘डिफाईन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट’ या खिडकीत असतात). नुसतेच ४ दिसत असेल, तर ‘इन्क्लूड लेव्हल नंबर फ्रॉम’ मधून पहिल्या पातळीचा आकडा घेतलेला नाही. आणि ‘II.१’ असे मिश्रण दिसत असेल, तर प्रकरणाचा क्रमांक रोमन ठेवलेला आहे. तो तसाच हवा असल्यास खालच्या पातळीसाठी ‘लीगल स्टाईल नंबरिंग’ वर खूण करावी, म्हणजे उपशीर्षकात साधे अंक येतात.

दोन ओळी एकाच यादीत आहेत की नाही, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. कोणत्याही क्रमांकावर एकदा क्लिक केले, की त्या यादीतील त्याच पातळीचे सगळे क्रमांक करड्या रंगात उठून दिसतात. जो क्रमांक करडा होत नाही, तो एक तर दुसऱ्या यादीतला असतो, नाही तर हाताने टाइप केलेला असतो. मोठी फाईल हाती आली की मी सर्वांत आधी हेच करते, कारण दोनशे पानांत डोळ्यांनी शोधून न सापडणारी गोष्ट इथे लगेच समोर येते.

दुरुस्ती स्टाईलच्या, म्हणजे परिच्छेदासाठी नाव देऊन ठरवून ठेवलेल्या रूपाच्या, पातळीवरच करावी, असे माझे ठाम मत आहे. उजव्या क्लिकवर मिळणारा ‘रिस्टार्ट ॲट १’ हा पर्याय एखाद्या पत्रातील छोट्या यादीसाठी ठीक आहे. परंतु शोधप्रबंधात तो वारंवार वापरला, की प्रत्येक वेळी फाईलमध्ये यादीची आणखी एक स्वतंत्र मोजणी तयार होते आणि शेवटी कोणता परिच्छेद कोणाच्या मागे चालला आहे हे कळेनासे होते. त्याऐवजी प्रकरणाच्या शीर्षकांना ‘हेडिंग १’, उपशीर्षकांना ‘हेडिंग २’ अशा स्टाईली लावाव्यात, हाताने टाइप केलेले आकडे काढून टाकावेत, पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकात कर्सर ठेवावा आणि ‘डिफाईन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट’ उघडून ‘मोर’ या बटणाखाली दिसणाऱ्या ‘लिंक लेव्हल टू स्टाईल’ मध्ये प्रत्येक पातळी तिच्या हेडिंगशी जोडावी. एकूण नऊ पातळ्या मिळतात. प्रबंधाला तीन, फार तर चार पुरतात. ‘प्रकरण’ हा शब्दही पहिल्या पातळीच्या व्याख्येतच आकड्याआधी लिहावा; खालच्या पातळीत फक्त आकडा उतरतो, शब्द उतरत नाही. समासाचे अंतरही याच खिडकीत ठरवावे, रूलर ओढून नव्हे.

वेगवेगळ्या संगणकांवर टाइप केलेली प्रकरणे एकत्र करताना प्रत्येक फाईल स्वतःची यादी घेऊन येऊ शकते. पेस्ट करताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडले तर ती अडचण टळते, पण तळटीपाही जातात, आणि प्रबंधात ते परवडणारे नाही. म्हणून ‘यूज डेस्टिनेशन स्टाईल्स’ निवडावे आणि नंतर करड्या रंगाची तपासणी पुन्हा करावी.

मराठी फाईलींची एक खास अडचण आहे. मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असला, की १.२ मधल्या टिंबाच्या जागी अर्धा ‘ण्’ उमटतो, कारण त्या फॉन्टमध्ये टिंबाच्या कळीवर तेच अक्षर बसवलेले आहे. यादीत बिघाड नसतो. व्याख्येच्या खिडकीतील ‘फॉन्ट’ बटणातून केवळ क्रमांकासाठी युनिकोड फॉन्ट निवडला, की टिंब जागेवर येते. क्रमांकाच्या जागी काळा चौकोन दिसू लागला, तर बाणाच्या कळीने डावीकडे सरकत चौकोन करडा करावा, कंट्रोल-शिफ्ट-एस दाबावे आणि ‘रीअप्लाय’ निवडावे.

उपविधींच्या बाबतीत मात्र मी एक अपवाद करते. मंजूर उपविधींमध्ये कलम १२ नंतर ‘१२अ’ घालायचे ठरले, तर पुढच्या कलमांचे क्रमांक बदलू द्यायचे नसतात, कारण जुन्या ठरावांत आणि पत्रव्यवहारात त्यांचे दाखले दिलेले असतात. तिथे ‘१२अ’ साठी यादीशी न जोडलेली, दिसायला तशीच असणारी वेगळी स्टाईल करून तो क्रमांक मी हाताने टाइप करते.

मजकुरातले दाखले, म्हणजे ‘पाहा २.३’ यांसारखे उल्लेख, ‘क्रॉस-रेफरन्स’ मधून घातलेले असावेत. तेही आपोआप बदलत नाहीत. कंट्रोल-ए करून एफ९ दाबावे लागते, आणि तळटीपांतील दाखल्यांसाठी तळटीपांत जाऊन तेच पुन्हा करावे लागते. हे झाल्यावर पीडीएफ करावी आणि छपाईला तीच द्यावी.